विश्लेषण : ई-लिलावातले स्वस्त घर महाग का पडते?

टिटवाळ्यात राहणाऱ्याच्या फोनवर दोन गोष्टी हमखास येतात. मंगळवारी महागणपतीचे फोटो आणि उरलेल्या दिवशी ‘बँक लिलाव, वन बीएचके, स्टेशनपासून दहा मिनिटे, बाजारभावापेक्षा तीस टक्के स्वस्त’ असे संदेश. गेल्या वर्षी पावसाळ्यात असाच एक संदेश आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि या वेळी तो कुणी डिलीट केला नाही. आईबाबांना भाड्याच्या घरातून हलवायचे होते, मांडा भागातला फ्लॅट होता आणि घरात इंटरनेटवरचे सगळे व्यवहार करणारा इंजिनीअर मुलगा, म्हणजे मी, होतोच.

पुढच्या दोन-अडीच महिन्यांत घर मिळाले नाही. पैसेही बुडाले नाहीत. मात्र एक गोष्ट पक्की कळली. या व्यवहारात ऑनलाइन असते ती फक्त बोली. घराची खरी किंमत ज्यावर ठरते ते सगळे अजून वॉचमनच्या खुर्चीजवळ, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये आणि सरकारी कार्यालयाच्या फायलीत असते. आणि ज्याला ते सर्वात सहज कळू शकते, तो विक्रेता जाहिरातीत दोनच शब्द लिहितो : ‘माहीत नाही’.

लिलाव फोनवर आला कधी?

आपल्याकडे ऑनलाइन बोलीची सुरुवात जुन्या वस्तूंपासून झाली. ‘बाझी डॉट कॉम’ ही भारतीय साइट २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘ईबे’ने विकत घेतली. कॅमेरे, नाणी, जुने मोबाइल यांवर लोक बोली लावत. पण अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि मग पार्सलची वाट पाहायची, हे आपल्याकडे फारसे रुजले नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘ईबे’ची भारतीय साइट बंद झाली. जुना सोफा विकायचा तर आता आपण फोटो टाकतो आणि भाव फोनवर ठरवतो.

ऑनलाइन लिलाव मात्र संपला नाही. तो मोठ्या वस्तूंकडे सरकला : सरकारी भंगार, जप्त गाड्या आणि कर्ज थकलेली घरे. सरकारी बँकांच्या अशा मालमत्तांसाठी २०१९ मध्ये ‘ई-बिक्रय’ हे व्यासपीठ आले. जानेवारी २०२५ मध्ये त्याची जागा ‘बँकनेट’ या नव्या पोर्टलने घेतली आणि सुरुवातीलाच सव्वा लाखाच्या आसपास मालमत्ता तिथे हलवण्यात आल्या. खासगी बँका आणि गृहकर्ज कंपन्यांचे लिलाव इतरही साइटवर चालतात. थोडक्यात, जुन्या कॅमेऱ्यासाठी जो धोका पत्करायला आपण तयार नव्हतो, तो आता आयुष्यभराच्या बचतीवर पत्करतो आहोत.

बँक घर लिलावात काढते कशी?

हे सगळे चालते ‘सरफेसी’ कायद्याखाली. हा कायदा २००२ चा. हप्ते ९० दिवसांहून अधिक थकले की कर्ज ‘एनपीए’ म्हणजे बुडीत होऊ घातलेले ठरते. मग बँक कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते. तरीही पैसे आले नाहीत, तर न्यायालयात न जाता तारण घराचा ताबा घेण्याचा आणि ते विकण्याचा अधिकार बँकेला मिळतो. कर्जदाराला दाद मागायची असेल तर दिवाणी न्यायालयात जाता येत नाही. त्याने ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे जायचे असते.

जाहीर लिलावाआधी मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून घराची किंमत काढावी लागते. त्यावरून राखीव किंमत ठरते. दोन वृत्तपत्रांत, त्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या, जाहिरात द्यावी लागते. पेपरच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत ‘प्राधिकृत अधिकारी’ अशी सही असलेले रकाने दिसतात, ते हेच. पहिल्या लिलावासाठी किमान ३० दिवसांची मुदत असते. तो फसला तर पुढच्या लिलावासाठी १५ दिवस पुरतात.

बोली लावायला काय करावे लागते?

इथपर्यंत सगळे सोपे आहे आणि माझ्यासारख्याला ते आवडतेही. पोर्टलवर नोंदणी करायची, पॅन-आधार चढवायचे, राखीव किमतीच्या साधारण दहा टक्के इसारा रक्कम भरायची. ठरलेल्या दिवशी तास-दोन तास खिडकी उघडते. शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली, तर वेळ आपोआप पाच किंवा दहा मिनिटांनी पुढे सरकते. शेवटच्या सेकंदाला गुपचूप बोली टाकून पळणाऱ्यांना त्यामुळे आळा बसतो. ‘ईबे’वर वेळ ठरलेल्या क्षणी संपायची आणि तिथे हाच खेळ चालायचा. त्या मानाने बँकांची पद्धत जास्त न्याय्य आहे.

खरी घाई जिंकल्यावर सुरू होते. त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, इसाऱ्यासह एकूण २५ टक्के रक्कम भरावी लागते. विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत उरलेले ७५ टक्के. बँकेने लेखी मान्य केले तर ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या पलीकडे नाही. पगारदार माणसाला गृहकर्ज काढूनच घर घ्यायचे असते. पण ज्या घराचा ताबा नाही, मूळ कागद हातात नाहीत, त्यावर पंधरा दिवसांत कर्ज मंजूर करणारी बँक शोधून दाखवा. म्हणजे हा बाजार जाहिरातीत तुमच्या-आमच्यासाठी असला, तरी घड्याळ रोकड हाताशी असलेल्यांच्या सोयीचे लावलेले आहे.

आमच्या बाबतीत काय झाले?

आम्ही पाहिलेला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा. राखीव किंमत १६ लाख ८० हजार. त्याच इमारतीतला दुसरा फ्लॅट दलाल २४ लाखांना सांगत होता. सात लाखांचा फरक. बाबा निवृत्तीचे पैसे मोडायला तयार झाले. जाहिरातीत ताबा ‘सांकेतिक’ लिहिला होता आणि बोजाच्या रकान्यात ‘माहीत नाही’.

एका रविवारी आम्ही इमारत बघायला गेलो. वॉचमनने नंबर ऐकला आणि म्हणाला, “लिलाववाले का? तुमच्या आधी चार जण येऊन गेले. वर माणसं राहतात.” वर भाडेकरू कुटुंब होते. बाईंनी दार अर्धे उघडले, साखळी तशीच ठेवली. तीन वर्षांपासून राहतो, भाडे मालकाला देतो, मालकाचा फोन हल्ली लागत नाही, एवढेच म्हणाल्या. त्यांच्या मागे एक मुलगा जमिनीवर वही घेऊन बसला होता. आम्ही आत गेलो नाही.

खाली सोसायटीच्या सचिवांनी रजिस्टर काढले. मेंटेनन्सची थकबाकी एक लाख बारा हजार. “बँकेचं कुणी विचारायला आलं होतं का?” असे मी विचारले. “फोटो काढायला आले होते,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला प्राधिकृत अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. माणूस सौजन्याने बोलला. भाडेकरू आणि थकबाकी, दोन्ही मी त्याला तोंडी सांगितले आणि घरी येऊन ईमेलही केला. त्याचे उत्तर ठरलेले होते : “सर, जसं आहे जेथे आहे. चौकशी तुमची तुम्ही करायची.”

तरीही आम्ही १ लाख ६८ हजार भरले. हिशेब केला होता की थकबाकी धरूनही स्वस्त पडेल. लिलावाच्या दिवशी मी डेस्कवरून सुट्टी काढली. बाबा अंघोळ करून माझ्या शेजारी येऊन बसले होते. अकराला खिडकी उघडायची होती. पावणेअकराला पडद्यावर ओळ आली : ‘प्रशासकीय कारणास्तव लिलाव रद्द’. कोणते कारण, ते आजपर्यंत कळलेले नाही. इसारा परत यायला १९ दिवस लागले. व्याज अर्थातच नाही.

‘जसे आहे जेथे आहे’ म्हणजे कुणाच्या डोक्यावर काय?

प्रत्येक जाहिरातीत हा मंत्र असतो : ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, जे काही आहे’. अर्थ एवढाच की विकत घेतल्यावर जे निघेल ते तुमचे. ही नुसती धमकी नाही, न्यायालयांत टिकणारी अट आहे.

वीजबिलाचे उदाहरण घ्या. के. सी. निनन विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये देशभरातल्या अशा अनेक वादांचा एकत्रित निकाल दिला. नव्या जोडणीसाठी जुन्या मालकाची थकबाकी भरण्याची अट वीज कंपनी नियमांच्या आधारे घालू शकते, आणि ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर मालमत्ता घेणाऱ्याने ही चौकशी आधीच करायला हवी, असा त्याचा सूर आहे. म्हणजे बोली लावण्याआधी महावितरणचा ग्राहक क्रमांक मिळवून बिल पाहणे हे तुमचे काम.

सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, पाणीपट्टी यांचीही तीच गत. जाहिरातीच्या अटींत हे सगळे खरेदीदाराने भरायचे, असे लिहिलेले असते. थकबाकी मिटल्याशिवाय सोसायटीतही सदस्यत्वाचे कागद हलत नाहीत.

भाडेकरूचा प्रश्न याहून अवघड. विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया हे मुंबईचे प्रकरण. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले की, भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला केवळ सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येणार नाही. पुढच्या निकालांनी या संरक्षणाला मर्यादा घातल्या. भाडेकरार कधीचा, नोंदणीकृत आहे का, तारण ठेवण्याआधीचा की नंतरचा, यावर सगळे अवलंबून असते. ही माहिती कुठल्याही फोटोत दिसत नाही.

आणि आपल्या भागातला सर्वात मोठा प्रश्न म्हणजे इमारत कायदेशीर आहे का? बनावट परवानग्यांच्या आधारे रेरा नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिले. त्यातल्या घरांवरही लोकांनी गृहकर्जे घेतली होती. बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चोख, या समजुतीला त्या एका प्रकरणाने कायमचा तडा दिला. तेव्हा ‘बँकच विकते आहे, मग काय बघायचं’ हे वाक्य निदान कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत कुणी उच्चारू नये.

पैसे भरूनही ताबा का मिळत नाही?

जाहिरातीतला सर्वात महत्त्वाचा शब्द किमतीचा नाही, ताब्याचा आहे. ‘प्रत्यक्ष ताबा’ म्हणजे घर रिकामे, कुलूप बँकेचे. ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, आत मात्र माणसे राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्याने त्यांना ३० दिवस, फार तर ६० दिवस दिले आहेत. पण आदेश निघणे वेगळे आणि त्याची अंमलबजावणी होणे वेगळे. पोलीस बंदोबस्ताची तारीख मिळेपर्यंत खरेदीदार चालू घराचे भाडे आणि नव्या घराचे व्याज दोन्ही भरत राहतो.

हे फक्त छोट्यांच्या नशिबी येते असे नाही. ठाणे जिल्ह्यातल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातला एक भूखंड घ्या. आठ लिलाव फसल्यावर नवव्या लिलावात, जून २०२३ मध्ये, ‘सेलिर एलएलपी’ या कंपनीने तो १०५ कोटी ५ लाखांना घेतला. पूर्ण पैसेही भरले. तेवढ्यात कर्जदार ‘बाफना मोटर्स’ने १२९ कोटी भरून भूखंड सोडवायची तयारी दाखवली आणि उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये तो आदेश रद्द केला. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की मालमत्ता सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क संपतो, असा दंडक त्यातून पक्का झाला. लिलावात जिंकलेल्याच्या बाजूने लागलेला हा मोठा निकाल. तरीही ताबा मिळेना म्हणून त्याच कंपनीला अवमान याचिका घेऊन पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आदेश घ्यावा लागला. शंभर कोटींच्या खरेदीदाराची ही कथा, तर सतरा लाखांच्या खरेदीदाराने कुठे जायचे?

माघार घेतली तर?

जिंकल्यावर उरलेले पैसे वेळेत भरता आले नाहीत, तर भरलेली रक्कम जप्त होते. फक्त दहा टक्के इसारा नव्हे, सगळे २५ टक्के. तमिळनाडूतल्या एका खरेदीदाराने १२ कोटी २७ लाखांची बोली जिंकली, तीन कोटींहून अधिक रक्कम भरली आणि करोनाच्या काळात उरलेले पैसे उभे करता आले नाहीत. बँकेने त्याची रक्कम जप्त केली आणि तीच मालमत्ता नंतर १४ कोटी ७६ लाखांना विकली. म्हणजे बँकेचे नुकसान काहीच झाले नव्हते. उच्च न्यायालयाला जप्ती अन्यायाची वाटली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बँकेची बाजू उचलून धरली. नियमातच जप्ती लिहिली आहे, बँकेला झालेल्या नुकसानीशी तिचा संबंध नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

न्यायालयाचा मुद्दा समजण्यासारखा आहे. लिलावात कुणीही हौसेने बोली लावून मागे फिरू लागला तर लिलावाला अर्थच राहणार नाही. पण मग शिस्त दोन्ही बाजूंना हवी. खरेदीदाराचे एक दिवस उशिरा आलेले पैसे चालत नाहीत आणि बँकेला मात्र पंधरा मिनिटे आधी, कारण न सांगता, लिलाव रद्द करता येतो.

जिंकणाराच जास्त का फसतो?

अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. अमेरिकेत समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवर १९७१ मध्ये तीन अभियंत्यांनी एक निबंध लिहिला, तिथून ही कल्पना पुढे आली. गोष्ट साधी आहे. एखाद्या वस्तूची खरी किंमत कुणालाच नीट माहीत नसेल, तर प्रत्येक जण अंदाज करतो. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सर्वात वर गेला आहे. म्हणजे चुकण्याची शक्यता सर्वात जास्त असलेलाच जिंकतो.

यावर उपाय एकच, बोली लावणाऱ्यांना आधी जास्तीत जास्त खरी माहिती देणे. माहिती जितकी कमी, तितका शाप मोठा. आणि शहाणे लोक हे ओळखून एकतर बोली लावतच नाहीत किंवा फार खालची लावतात. घर पहिल्या लिलावात जात नाही. राखीव किंमत उतरते. दुसरा लिलाव, तिसरा लिलाव. शेवटी ते मिळते वकील, ओळखी आणि रोकड हाताशी असलेल्या एखाद्या सराईत गुंतवणूकदाराला. घर नसलेल्या माणसाला नव्हे.

ज्याचे घर विकले जाते, त्याचे काय?

या सगळ्या चर्चेत हा माणूस विसरला जातो. लिलावात बँकेच्या येण्यापेक्षा जास्त पैसे आले, तर वरची रक्कम कर्जदाराला परत मिळायला हवी, असे कायदा सांगतो. कमी आले, तर उरलेल्या रकमेसाठी बँक त्याच्या मागे लागू शकते. म्हणजे घर दोन लाखांनी स्वस्त गेले, तर ते दोन लाख शेवटी त्याच्याच खिशातून जातात. घर गेलेच, वर कर्जही शिल्लक.

म्हणून ‘माहीत नाही’ ही ओळ निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे खरेदीदार घाबरतो आणि भाव पडतो. पडलेल्या भावाचा भुर्दंड आधी कर्जदाराला बसतो आणि तो भरू शकला नाही तर बँकेला. दलाल आणि सराईत गुंतवणूकदार सोडले तर यात कुणाचाही फायदा नाही.

‘माहीत नाही’ हे उत्तर कायद्याला चालते का?

माझ्या मते इथेच मेख आहे. सरफेसीखालचे नियम, सिक्युरिटी इंटरेस्ट (एन्फोर्समेंट) रूल्स, २००२, उघडून पाहा. आठव्या नियमानुसार विक्रीच्या नोटिशीत मालमत्तेचे वर्णन ‘धनकोला माहीत असलेल्या बोजांच्या तपशिलासह’ द्यायचे असते. शिवाय मालमत्तेचे स्वरूप आणि किंमत समजण्यासाठी खरेदीदाराला जे कळणे महत्त्वाचे आहे असे अधिकाऱ्याला वाटते, तेही त्यात द्यायचे. विक्री प्रमाणपत्रातही, धनकोला माहीत असलेल्या बोजांपासून ही विक्री मुक्त आहे की नाही, ते लिहावे लागते.

नियम ‘माहीत असलेल्या’ असे म्हणतो आणि पळवाट याच शब्दांत सापडते. माहीत करूनच घेतले नाही, तर सांगायचेही काही उरत नाही. मूल्यांकक घराला भेट देतो. आत कोण राहते हे त्याला दिसतेच. सोसायटीचे पत्र मागवायला एक ईमेल पुरतो. मालमत्ता कराची थकबाकी महापालिकेकडून कळते. हे सगळे एका दुपारचे काम आहे. मी ते एका रविवारी केले आणि माझ्याकडे बँकेचे ओळखपत्रही नव्हते.

विरोधाभास असा की माहिती उघड करायला बँका शिकलेल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितल्यापासून सरफेसीखाली ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची यादी बँकांना आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात कर्जदाराचे नाव असते, जामीनदाराचे असते, पत्ता असतो, थकलेली रक्कम असते. ज्याचे घर गेले त्याची नामुष्की जगाला दिसते. ज्याला ते घर घ्यायचे आहे, त्याला हवी असलेली माहिती मात्र त्या यादीत नसते.

बँकांच्या बाजूनेही काही आहेच. आम्ही लिहिले आणि ते नंतर चुकीचे निघाले तर खरेदीदार आम्हालाच न्यायालयात खेचेल, असे अधिकारी खासगीत सांगतात. भीती खोटी नाही. पण उपायही अवघड नाही. ‘अमुक तारखेच्या सोसायटीच्या पत्रानुसार थकबाकी इतकी’, ‘अमुक तारखेच्या भेटीत घरात भाडेकरू आढळले, करार दाखवला नाही’, असे तारीख आणि आधार देऊन लिहा. तो दावा नसतो, नोंद असते.

मग काय बदलायला हवे?

चार गोष्टी. एक, प्रत्येक मालमत्तेसोबत पोर्टलवर एक पानी माहितीपत्रक सक्तीचे हवे : ताबा कोणता, आत कोण राहते, सोसायटी-वीज-कर थकबाकी, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, चालू दावे. दोन, लिलाव रद्द केला तर कारण सांगावे आणि इसारा ठरलेल्या दिवसांत, उशीर झाल्यास व्याजासह, परत करावा. तीन, छोट्या घरांचा लिलाव शक्यतो प्रत्यक्ष ताबा घेतल्यावरच व्हावा. चार, बोलीदाराने लेखी कळवलेली माहिती पुढच्या नोटिशीत नोंदवणे बंधनकारक असावे. एकदा कळवल्यावर ती ‘माहीत नाही’ राहत नाही.

तोपर्यंत बोली लावणाऱ्याने काय करावे?

जाहिरातीत आधी ‘ताबा’ शब्द शोधा, किंमत नंतर. घर स्वतः जाऊन पाहा, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी. सचिवांना भेटून थकबाकी लेखी घ्या. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-टू शोधा, सरसाईच्या नोंदवहीत दुसरे तारण आहे का ते पाहा. महापालिकेत परवानगीची खातरजमा करा, रेरा क्रमांकावर थांबू नका. डीआरटीत दावा चालू आहे का, हे वकिलाकडून तपासा. कर्ज लागणार असेल तर बँकेशी आधी बोला, बोलीनंतर नाही. आणि आपली कमाल बोली कागदावर लिहून ठेवा. वेळ पाच-पाच मिनिटांनी पुढे सरकू लागली की माणूस घरासाठी नाही, समोरच्याला हरवण्यासाठी बोली लावू लागतो.

आमचा इसारा परत आल्यानंतर साधारण महिन्याभराने तोच फ्लॅट पुन्हा जाहिरातीत दिसला. राखीव किंमत १५ लाख १० हजार. ताबा सांकेतिक. बोजा : माहीत नाही. मी माझा जुना ईमेल उघडून पाहिला. तो वाचल्याची पोच अधिकाऱ्यांकडून त्याच दिवशी आलेली होती. बाबांना जाहिरात दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि विचारले, “ती बाई आणि तो पोरगा अजून तिथंच असतील का रे?” जाहिरातीत त्याचे उत्तर नव्हते. आम्ही पुन्हा बोली लावली नाही.